देवगावच्या गाडीतला डबा

बसस्टँडवर पेरू आले की माझं काही खरं नसतं. परवा सकाळी कामावर जाताना मिल कॉर्नरला सिग्नल लागला, आणि पाटीवाल्या बाईनं नेमका तेव्हाच एक पेरू चिरून त्यावर तिखटमीठ भुरभुरलं. तो वास हेल्मेटच्या काचेतून आत शिरला आणि मी गेले. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, तरी मी तिथंच. शेवटी तो बाजूला येऊन म्हणाला, "मॅडम, हरा होके वापस लाल हो गया!" मला हसू आलं. त्याला काय सांगणार, मी सिग्नलवर नव्हतेच. मी काकूंच्या हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात बसले होते, अंगावर घोंगडी, मांडीवर रक्तगटांचं पुस्तक, आणि सगळं लक्ष देवगावच्या गाडीकडं.

त्या हिवाळ्यानंतर या शहरात माझे पुष्कळ हिवाळे गेले. शहराचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या. माझ्या मायला त्याचा काही फरक पडला नाही, कारण ती औरंगाबादला 'शहर' म्हणायची आणि छत्रपती संभाजीनगरलाही 'शहर'च म्हणते. आता माझं इथंच, शहराच्या सातारा परिसरात घर आहे, घरात गिझर आहे, जाड रजई आहे. पण थंडी म्हटली की मला तीच एक थंडी आठवते. बाकीच्या सगळ्या नुसत्या येतात आणि जातात.

काकूंचं हॉस्टेल म्हणजे मिल कॉर्नरच्या मागच्या गल्लीतलं एक साधं दुमजली घर. फाटकावर पाटी होती, 'मुलींसाठी राहण्याची सोय. पुरुषांना आत प्रवेश नाही. पाणी जपून वापरावे.' काकू एकट्याच होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा पोरी बऱ्या म्हणून त्यांनी हे सुरू केलेलं. आम्ही अकरा जणी. एका खोलीत तीन लोखंडी कॉट, तीन पत्र्याची कपाटं, एक खिडकी. माझी कॉट अशी होती, की मी कूस बदलली की खालच्या मजल्यावरच्या पोरी सकाळी विचारायच्या, "काल लई विचार करत होतीस का गं?"

जेवण हॉस्टेलमध्ये नव्हतं. ज्याचं त्यानं बघायचं. आंघोळीला पाणी तापवायचा एकच रॉड होता, त्याचे नंबर बाथरूमच्या दारावर खडूनं लिहिलेले असत, आणि दुसऱ्याचा नंबर पुसून आपला लिहिणारीला काकू घरातून काढतील अशी अफवा होती. नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडं सणच. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी ठोकायच्या आणि अकराच्या अकरा जणी बादल्या, घागरी, पातेली, बाटल्या घेऊन धावत सुटायच्या. परीक्षा असो, ताप असो, कुणी सुटलेलं नाही. एकदा शबानानं घाईत मेंदी लावलेल्या हातानं बादल्या उचलल्या आणि त्या बादल्यांच्या कड्यांवर तिच्या बोटांचे केशरी ठसे महिनाभर तसेच होते.

शबाना माझी एक खोलीमैत्रीण, गंगापूरची. ती औषधशास्त्राचा डिप्लोमा करायची आणि घरचे असोत की बाहेरचे, सगळ्यांशी दखनी हिंदीत बोलायची. दुसरी वैष्णवी, फुलंब्रीची. फुलंब्री म्हणजे रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखी, आणि एक वर्ष तिनं ते केलंही. पण घरी दोन भाऊ, भावांचे मित्र, आणि त्या सगळ्यांचा चहा. "मी इंजिनिअरिंगला आहे का चहाच्या गाड्यावर, तेच कळेना," असं म्हणून ती इथं आली. वैष्णवीचं सगळं नीटनेटकं. तिच्याकडं कात्री, सुईदोरा, टाचण्या, सगळं होतं आणि त्यातलं काहीही मागितलं की ती आधी एक मिनिट आपल्याकडं नुसती बघायची.

आणि मी मनीषा. घरी मने. आमची वस्ती देवगाव रंगारीच्या शिवारात. आजोबांच्या काळात मेंढरं पाचशेवर होती म्हणतात, माझ्या वेळेला पाऊणशे आणि थोडी शेती. आप्पा, म्हणजे माझे वडील, बोलायला फार कंजूष. मेंढरांशी बोलायचे तेवढंच. पावसाळ्यात मला शहरातल्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला, तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली. मी रोज एसटीनं यायचे. पण गाडी कधी चुकायची, कधी यायचीच नाही, आणि प्रॅक्टिकल बुडायची. तेव्हा दिवाळीत मी म्हटलं, मी हॉस्टेलला राहते.

नेमकं त्याच दिवाळीत स्थळ आलं. गंगापूरकडची माणसं, ऊस, दोन विहिरी, मुलगा शांत. शांत होता हे मात्र खरं, दोन तासांत तो फक्त एकदा पाणी मागायला बोलला. आप्पांना माणसं आवडली. मी आतून, चुलीपुढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला कोर्स पुरा करायचाय. दोन वर्षं कुणी आमच्या दारात येऊ नका." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. आप्पांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. वाळूजच्या कंपनीत असलेला माझा मामा मला घ्यायला आला, तेव्हा आप्पा मेंढरं सोडत होते. पाठमोरे उभे राहूनच म्हणाले, "जायचं तर जा. मी तुझ्या कशालाच हात लावणार नाय."

हॉस्टेलच्या फॉर्मवर सही मामानं केली.

खरं सांगते, पहिले चार दिवस मी रडायचं ठरवलं होतं. पण अकरा पोरींच्या घरात रडायलाही नंबर लावावा लागतो. कुणीतरी हसवतंच. आणि पाचव्या दिवशी मायचा फोन आला, "उद्यापासून दिवसाआड डबा धाडते. सकाळच्या गाडीनं. ड्रायव्हरपाशी असंल, जाऊन घे. आन् रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत धाड."

ही आमच्याकडची जुनी रीत. शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावच्या गाडीनं येतात. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाची तापलेली पेटी असते, तिच्यावर सगळे डबे एका रांगेत बसतात आणि शहरात पोचेस्तोवर गरम राहतात. साडेनऊला गाडी लागली की आम्ही पोरं-पोरी दाराशी गर्दी करायचो. ड्रायव्हरकाका एकेक डबा उचलून नावानं हाक मारायचे. भाकरीला जरासा डिझेलचा वास लागलेला असायचा. तो वास मला अजून आवडतो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण लॅबमधली बाई डिझेलचा वास आवडतो म्हणाली तर लोक तिला रक्त देणार नाहीत.

पहिला डबा मी खोलीत आणला. तीन पुडांचा स्टीलचा डबा, फडक्यात गुंडाळलेला, आणि गाडीच्या धक्क्यांनी उघडू नये म्हणून वरून लोकरीच्या काळ्या दोरीनं आडवाउभा बांधलेला. शबानानं दोरीला नखं लावली आणि थोड्या वेळानं हात झटकून म्हणाली, "अगे, ये गाठ है की ताला है?" वैष्णवी उठली, कपाट उघडलं आणि कात्री घेऊन आली.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले, की तिच्या हातातून कात्री पडली.

कारण ती गाठ मला ओळखू आली होती. ती मेंढरू बांधायची गाठ होती. जनावरानं कितीही हिसके दिले तरी ती ना सुटत, ना गळ्याला आवळत, आणि माणसानं बाहेर ठेवलेलं शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. आमच्या अख्ख्या वस्तीवर तशी गाठ एकच माणूस मारतो. "लांडगा आला तर गाठी सोडीत बसायला टाइम नसतो," असं तो म्हणतो. मायची गाठ मला ठाऊक आहे. ती गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारत सुटते आणि मग सोडायला विळा शोधते.

मी डाव्या बाजूचं शेपूट धरलं, ओढलं. दोरी सळ्ळकन् खाली पडली.

"अगे मनीषा, कायकू रोरी तू? डब्बा तो खुल गया ना!" शबाना माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी रडत होते आणि हसत होते आणि मला काही सांगताच येईना. वरच्या पुडात वांग्याचं भरीत होतं, मधल्यात ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, खाली बाजरीच्या चार भाकरी. आम्ही गच्चीवर उन्हात बसून जेवलो. ठेच्यानं वैष्णवीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हा शबाना म्हणाली, "ये भी रोरी. आज सबकू क्या हुआ क्या मालूम." पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

दुपारी मी मायला फोन लावला. हळूच विचारलं, "डबा कोन बांधतं गं?"

"मीच की. अजून कोन?"

"आन् आप्पा?"

"त्याह्यचं नाव काढू नको. ते तर डब्याकडं बघतबी नायत."

माझी माय खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज एक पट्टी वर जातो. तेव्हाही गेला.

मायचा आणखी एक नियम होता. रिकामं भांडं घरी येऊ द्यायचं नाही. शेजारणीची वाटी असो की लेकीचा डबा, परत जाताना त्यात काहीतरी हवंच, चिमूटभर साखर का असेना. आता हॉस्टेलच्या खोलीत असणार काय? पहिल्या दिवशी मी खरोखर साखर घातली. मग दिवसाआड आमच्या खोलीत सभा भरू लागली, आज डब्यात काय? एकदा पेरू गेले. एकदा शबानानं गंगापूरहून आणलेली बोरं. एकदा गुलमंडीवरची इमरती, तीही अर्धीच, कारण अर्धी रस्त्यात संपली. एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा वैष्णवीनं, होय, वैष्णवीनं, तिच्या डबीतल्या सहा नव्या टाचण्या कागदात गुंडाळून दिल्या. "आईला लागतात," म्हणाली. मायनं त्या टाचण्यांचं इतकं कौतुक केलं की वैष्णवी दोन दिवस हवेत होती.

एकदा मी गंमत केली. तळच्या पुडात तंबाखूची एक पुडी ठेवली, आप्पा खातात ती. दुसऱ्या दिवशी मायला विचारलं, "पुडी मिळाली का?"

"कंची पुडी?" माय म्हणाली. या खेपेला आवाज वर गेला नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

म्हणजे संध्याकाळी फाट्यावर गाडीतून डबा उतरवून घेणारा, घरी पोचायच्या आधीच तो सोडून आत बघणारा माणूसही तोच होता! मी गच्चीवर एकटीच नाचले. वाळत घातलेल्या काकूंच्या लुगड्याला माझा हात लागून ते खाली गल्लीत पडलं आणि त्याबद्दल मी काय काय ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून परतीचा डबा मीही तशीच गाठ मारून पाठवू लागले. लहानपणी मेंढरांच्या वाड्यात आप्पांच्या समोर बसून ती गाठ मी शंभरदा बघितली होती. हाताला आठवत होती. मला म्हणायचं होतं, आप्पा, मला कळलंय बरं का. पण तोंडानं म्हणायची छाती नव्हती आणि चिठ्ठी लिहून तरी काय लिहिणार? गाठ मारली, ड्रायव्हरकाकांच्या हाती दिली.

तिकडून उत्तर काही आलं नाही. फक्त डबे येत राहिले. मार्गशीर्ष आला. वैष्णवीचे गुरुवार सुरू झाले, आणि शबानाची मावशी नेमकं गुरुवारीच मटणाचा नान-खलिया धाडायची. खलियाचा वास जिन्यातून वर आला की वैष्णवी पुस्तकात तोंड खुपसायची आणि शबानाच तिच्यावर पहारा ठेवायची, "ए, आज गुरुवार है तेरा. खिडकी में जाके बैठ." एका डब्यात हुरडा आला, नुकताच भाजलेला, राखेचा वास असलेला. त्या दिवशी काकूही वर आल्या, आमच्यात फतकल मारून बसल्या आणि चटणीशी मूठ मूठ हुरडा खात म्हणाल्या, "माझ्या माहेरी लिंबाखाली बसायचो गं आम्ही." काकूंना माहेर असेल हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं.

नवीन वर्ष लागलं आणि त्याच काकूंनी सगळ्यांना छापील फॉर्म वाटले. पालकांची सही हवी, पालकांनी स्वतः येऊन करायची, संक्रांतीच्या आत. शेजारच्या गल्लीतल्या एका हॉस्टेलमधून कुणाची तरी मुलगी घरी न सांगता निघून गेली होती म्हणे, तेव्हापासून काकूंनी धसका घेतलेला.

"काकू, मामा येईल ना माझा," मी म्हटलं.

"वडील आहेत ना तुझे?"

"आहेत."

"मग वडील. मामा चालणार नाही. मनीषा, तुझ्या कॉटसाठी दोन मुली थांबल्यात. मी वाईट नाही गं, पण उद्या काही झालं तर तुझे वडील मलाच विचारतील."

झालं. बोलत नाहीत ते वडील, ज्यांनी कशालाच हात लावणार नाही म्हणून सांगितलंय ते वडील, शहरात येऊन या फाटकापुढं सही करणार! आणि नाही आले तर कॉट गेली. कॉट गेली की पुन्हा रोजची एसटी, पुन्हा बुडलेली प्रॅक्टिकल, आणि घरी बसले की पुन्हा ते शांत मुलाचं स्थळ.

शबानाकडं उपाय होता. "इधर ला फॉर्म. मैं करती सही. अब्बा की सही मैं पाचवी से करती." वैष्णवीनं नेहमीसारखं एक मिनिट बघितलं आणि मग म्हणाली, "पण येऊन करायची आहे. अब्बा कुठून आणशील?" मीही नकोच म्हटलं. इतके दिवस ज्या माणसानं लपून का होईना पण माझा डबा बांधला, त्याचीच सही चोरायची? मन घेईना.

त्या संध्याकाळी डब्यात घालायला काय, याची सभा भरली नाही. मी फॉर्मची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, मधल्या पुडात ठेवली. वरच्या पुडात सवयीनं थोडी साखर. गाठ मारली. गाडी सुटली तेव्हा मला वाटलं, धावत जाऊन डबा परत घ्यावा.

पुढचा डबा आला. गाठ तीच, आत मेथीची भाजी, फॉर्म नाही. त्याच्या पुढचा आला. गाठ तीच, पिठलं, फॉर्म नाही. मायला विचारलं तर तिला कागद ठाऊक नव्हता. मी प्रॅक्टिकलला उगाच चुका करू लागले. दंडावर रबरी पट्टी बांधायची, शीर उठली की सुई घालायची, पट्टी झटकन सोडायची, एवढं सोपं काम. माझी पट्टी वेळेवर सुटेचना. बाई म्हणाल्या, "मनीषा, पेशंटचा हात निळा पडला! लक्ष कुठं आहे?" पेशंट म्हणजे शबानाच होती, तिच्या कॉलेजला सुट्टी म्हणून माझ्यासाठी हात द्यायला आलेली. नंतर ती चार दिवस तो दंड सगळ्यांना दाखवत फिरली.

संक्रांतीच्या आदला दिवस भोगीचा. मी कपाटातले कपडे बॅगेत भरून ठेवले होते, पण वरवर ते धुवायला काढलेत असं दाखवत होते. वैष्णवीनं बघितलं आणि तिची ती कात्री माझ्या बॅगेत टाकली. मी डबा आणायला गेले.

देवगावची गाडी लागली. पोरांनी दाराशी गर्दी केली. ड्रायव्हरकाकांनी एकेक डबा दिला आणि मग हात झटकले.

"काका, माझा?"

"आज डबा नाय."

काका मिशीत हसले आणि अंगठ्यानं मागं दाखवलं, "आज डब्याचा मालक आलाय."

गाडी बरीचशी रिकामी झाल्यावर शेवटच्या सीटवरून आप्पा उठले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका, मांडीवरचा डबा आता दोन्ही हातांत. आज भोगीची भाजी होती, ती ड्रायव्हरच्या भरवशावर सोडायची नव्हती, हे मला नंतर कळलं. ते खाली उतरले. एवढ्या मोठ्या स्टँडवर इकडं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. दिवाळीपासून माझ्याशी एक अक्षर न बोललेला हा माणूस काय बोलेल म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला.

"गाठ उलटी पडती तुझी," आप्पा म्हणाले.

मला वाटलं माझ्या कानात काही बिघाड झाला.

"रोज उलटी. शेपूट वढलं की सुटायच्या जागी आवळती. दातानं सोडावी लागती मला. असं मेंढरू बांधलं असतंस तर लांडग्यानं खाल्लं असतं ना त्याला."

"आप्पा, मी तुमचं बघूनच शिकले!"

"कुठं बसून बघितलंस?"

"तुमच्या समोर."

ते हसले. आप्पा हसले की आधी त्यांचे खांदे हलतात, आवाज मागून येतो. "समोर बसली व्हय! मग उलटीच दिसणार. शेजारी बसायचं असतं, येडे."

हॉस्टेलच्या फाटकापाशी आल्यावर त्यांनी पाटी वाचली, अक्षर अक्षर लावून, आणि पायरीवर बाहेरच बसले. "पाटीवर लिहिलंय ते बरोबर हाय," म्हणाले. काकू बाहेर आल्या, शबाना-वैष्णवी जिन्यात लोंबकळत होत्या. मी आप्पांच्या शेजारी बसले, या वेळी शेजारी. त्यांनी डब्याची काळी दोरी सोडली, फाटकाच्या गजाला एक फेरा दिला आणि माझा हात हातात धरून दाखवलं, हा मुडपा असा आतून, हे शेपूट असं डावीकडं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी एकटीनं मारली. त्यांनी गज हलवून बघितला, शेपूट ओढलं, दोरी मोकळी झाली. "हां," म्हणाले. शबाना जिन्यातून ओरडली, "चाचा, मेरेकू भी सिखाव!" आणि बघता बघता पायरीवर चार जणी बसल्या, त्यांत चौथ्या काकू होत्या. वैष्णवीची गाठ पहिल्याच फटक्यात जमली. जमणारच.

मग आप्पांनी पटक्याच्या घडीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात फॉर्म, डाग नाही की सुरकुती नाही. "मास्तरकडून वाचून घेतला," ते काकूंना म्हणाले, "येऊन सही करावी म्हनून लिहिलंय. घरी करून धाडली असती तर चालली नसती. म्हनून आलो." काकूंनी पेन दिला. आप्पांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि जीभ दातात धरून आपलं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराची रेघ फार लांब गेली, पार चौकटीच्या बाहेर. काकू म्हणाल्या, "असू द्या, चालेल."

मी धीर करून विचारलं, "आप्पा, त्या गंगापूरच्या लोकांचं?"

"सांगितलं त्याह्यला. पोरगी शिकती म्हनलं. त्ये म्हनले, बघू आमी दोन साल वाट. मी म्हनलं, नका बघू."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. भोगीची मिसळीची भाजी, त्यात हरभरे, गाजर, वाटाणा, बोरं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. फाटकाच्या आत आम्ही सगळ्या, फाटकाच्या बाहेर आप्पा, मधे पायरीवर डबा. पुरुषांना आत प्रवेश नव्हता, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. काकूंनी त्यांच्यासाठी चहा केला. आप्पांनी बशीत ओतून फुर्रकन् प्यायला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "थंडी हाय इथं. ही घोंगडी ठेव."

संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला गेले तेव्हा डबा माझ्या हातात होता. रिकामा डबा तो नव्हताच. काकूंचे तिळाचे लाडू, शबानाची मेंदीची पुडी मायसाठी, वैष्णवीची एक सुई, दोरा ओवलेली. गाठ मी मारली होती. आप्पांनी खिडकीतून डबा घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि तो मांडीवर ठेवला. खोलीत परत आल्यावर मी बॅगेतले कपडे कपाटात लावले. वैष्णवीनं तिची कात्री मागून घेतली.

त्यानंतरही डबे येत राहिले, कोर्स संपेपर्यंत. प्रॅक्टिकलला मी नंतर कधी चुकले नाही. रबरी पट्टीचं म्हणाल तर तीही मेंढरासारखीच, धरून ठेवायला हवी आणि वेळ आली की एका झटक्यात सुटायला हवी. हे कोर्सच्या बाईंना मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं त्यांनीच शिकवलं.

आता आप्पा सत्तरीच्या आसपास आहेत. मेंढरं माझ्या भावाकडं आहेत. दर हिवाळ्यात साखर तपासायला ते माझ्या लॅबमध्ये येतात, देवगावच्या त्याच सकाळच्या गाडीनं, उपाशीपोटी, पिशवीत मायनं दिलेला डबा घेऊन. गिझर, रजई यांचं त्यांना काही कौतुक नाही, आले तसे संध्याकाळी परत. यंदा कालच येऊन गेले, पेरूच्या त्या सिग्नलच्या दुसऱ्या दिवशी. मी त्यांची बाही वर केली. दंड आता वाळलेला, पण शीर दोरीसारखी ताठ. रबरी पट्टी एका हातानं फिरवली, मुडपा आत घातला, शेपूट डावीकडं मोकळं ठेवलं. रोज पन्नास जणांच्या दंडांवर मी हेच करते, डोळे मिटूनही करीन. पण माझ्या लक्षात आलं, की आप्पा माझ्या हाताकडं टक लावून बघतायत. शीर मिळाली, सुईत रक्त आलं, मी शेपूट ओढलं, पट्टी सळ्ळकन् सुटली.

"सुलटी पडली," आप्पा म्हणाले.

इतक्या वर्षांनी! मी सुई हातात धरून खुळ्यासारखी उभी. मागं लाइनीत चार पेशंट, आणि माझे डोळे भरून आलेले. आप्पांनी मात्र तोवर तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावणारा माणूस, पण सुई म्हटली की घाम फुटतो त्यांना.

"झालं का गं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"झालं आप्पा," मी म्हटलं. "डबा उघडू या आता."